दोन रांगा, एक उमेदवार

लायबेरियात 8 नोव्हेंबर 2005 रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी झाली, तेव्हा मतपत्रिकेवर दोनच नावे उरली होती. जॉर्ज विया हे मन्रोव्हियाच्या झोपडवस्तीतून निघून 1995 साली जगातले सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेले, तरुणांच्या गळ्यातले ताईत. त्यांच्यासमोर एलेन जॉन्सन सरलीफ होत्या. वय सदुसष्ट, शिक्षण हार्वर्डचे, अनुभव जागतिक बँकेतला आणि पंचवीस वर्षांपूर्वी उलथून पडलेल्या एका सरकारातल्या अर्थमंत्रिपदाचा. पहिल्या फेरीत विया यांना 28 टक्क्यांच्या आसपास मते मिळाली होती आणि सरलीफ यांना जेमतेम 20. दुसऱ्या फेरीत सरलीफ 59 टक्क्यांवर गेल्या आणि आफ्रिका खंडात लोकांनी निवडून दिलेल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष ठरल्या. चार आठवड्यांत वाढलेली ही चाळीस टक्के मते कोणाची होती?

जगभर तेव्हा दिले गेलेले उत्तर सोपे होते: बायकांनी बाईला निवडून दिले. त्यात तथ्य आहे. 2003 मध्ये, देशात यादवी युद्ध चालू असताना, शांतता कार्यकर्त्या लेमा बोवी आणि त्यांच्या सहकारी ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रियांनी पांढरे कपडे घालून मन्रोव्हियात आठवडेच्या आठवडे धरणे धरले होते आणि पुढे घानातील आक्रा येथील वाटाघाटींच्या दालनाची वाट अडवून पुढाऱ्यांना तहापर्यंत आणले होते. याच चळवळीतून तयार झालेल्या कार्यकर्त्या 2005 मध्ये बाजाराबाजारांत फिरून विक्रेत्या स्त्रियांची नावे मतदार यादीत नोंदवत होत्या. तरीही हे उत्तर पुरे पडत नाही, कारण याच सरलीफ 1997 मध्ये याच पदासाठी उभ्या होत्या. त्या वेळी यादवी युद्धातले बंडखोर म्होरके चार्ल्स टेलर यांना 75 टक्के मते पडली आणि सरलीफ यांना सुमारे 10. तेव्हाही त्या स्त्रीच होत्या, तेवढ्याच शिकलेल्या होत्या, आणि सरकारवर टीका केल्याबद्दल तुरुंगवासही भोगून आलेल्या होत्या.

1997 मध्ये पुष्कळ लोकांनी टेलर यांना मत दिले ते प्रेमापोटी दिलेले नव्हते. हा माणूस हरला तर पुन्हा बंदुका बाहेर काढील, त्यापेक्षा त्यालाच खुर्चीवर बसवावे म्हणजे लढाई थांबेल, असा तो हिशेब होता. तो चुकला, दोन वर्षांत युद्ध पुन्हा पेटले. 2005 मध्ये मतदारांना हवे होते ते तेच, म्हणजे शांतता. फरक एवढाच की बळजोर माणूस शांततेची हमी देऊ शकतो हा समज आता धुळीला मिळालेला होता. ज्यांच्या हाती कधी बंदूक नव्हती अशांपैकी कोणीतरी हवे होते, आणि लायबेरियाच्या अनुभवात बंदूक हाती नसलेले माणूस म्हणजे बहुतेक वेळा स्त्रीच होती. (सरलीफ यांनी प्रारंभी टेलर यांच्या बंडाला पाठबळ दिले होते, ही गोष्ट या चित्रात नीट बसत नाही. मतदारांनी ती दृष्टीआड केली असावी किंवा माफ केली असावी.)

या लेखाचे म्हणणे यातूनच निघते. स्त्री असणे हे सहसा मत देण्याचे कारण नसते. मतदाराजवळ आधीपासून असलेल्या कारणाला ते जामीन राहते. कारणे अनेक आणि परस्परविरोधीही असतात. व्यापाऱ्याला कर्ज आणि परदेशी मदत हवी असते, मासे विकणारीला रस्त्यावरची लूटमार थांबायला हवी असते, शिक्षकाला पगार वेळेवर हवा असतो. ही माणसे एरवी एका उमेदवाराभोवती जमत नाहीत. ती जमतात ती प्रत्येकाला आपापल्या कारणासाठी तोच जामीनदार विश्वासाचा वाटतो म्हणून. जिथे कारणच नसते किंवा कारणावरच समाज दुभंगलेला असतो, तिथे नुसता जामीन कामाला येत नाही.

चिली या देशात ही गोष्ट जवळजवळ आकड्यांत पाहता येते. तिथे पुष्कळ वर्षे स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या टेबलांवर मतदान करीत आणि मते वेगवेगळी मोजली जात. अन्यत्र कोणत्या मतदाराने कोणाला मत दिले हे मतदानोत्तर चाचण्यांवरून अंदाजाने सांगावे लागते; चिलीत स्त्रियांची मते आणि पुरुषांची मते असे दोन स्वतंत्र निकालच हाती येत. त्या निकालांचा इतिहास डाव्या पक्षांना कधी सुखाचा नव्हता. 1970 मध्ये साल्वादोर अयेंदे यांना पुरुषांच्या मानाने स्त्रियांची मते पुष्कळच कमी पडली होती, आणि 2000 साली रिकार्दो लागोस निवडून आले तेही पुरुषांच्या टेबलांवरील आघाडीच्या बळावर. मग जानेवारी 2006 मध्ये समाजवादी पक्षाच्या मिशेल बाशेलेत यांनी उजव्या आघाडीच्या सेबास्तियन पिन्येरा यांना 53.5 टक्के मते मिळवून हरवले, आणि दोन्ही रांगांतला त्यांचा कौल जवळपास सारखा निघाला. स्त्रिया एकगठ्ठा त्यांच्याकडे धावल्या नाहीत. आजवर डाव्या उमेदवारापासून चार पावले दूर राहणाऱ्या स्त्रियांपैकी काही जणी पुढे सरकल्या आणि पुरुष मागे हटले नाहीत, एवढेच घडले. तेवढे पुरेसे होते.

त्या का सरकल्या असतील? बाशेलेत यांचे वडील हवाई दलात जनरल होते. 1973 च्या लष्करी उठावानंतर त्यांना पकडून छळण्यात आले आणि मार्च 1974 मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी बाशेलेत यांना स्वतःला आणि त्यांच्या आईला व्हिला ग्रिमाल्दी या कुप्रसिद्ध छळछावणीत ठेवले गेले. नंतर परागंदा होणे, पूर्व जर्मनीतले वैद्यकीय शिक्षण, परत येऊन बालरोगतज्ज्ञ म्हणून काम, मग आरोग्यमंत्रिपद आणि 2002 पासून संरक्षण मंत्रिपद. ज्या सैन्याने वडिलांचा बळी घेतला त्याच सैन्याच्या मानवंदना ही स्त्री स्वीकारत होती, आणि 2002 मध्ये सांतियागोत पूर आला तेव्हा चिलखती वाहनावर उभी राहून मदतकार्याची पाहणी करीत होती. ज्या घरांत माणसे बेपत्ता झाली होती त्या घरांना तिच्यात आपले दुःख दिसले. जी घरे लष्कराची पाठराखी होती त्यांना दिसले की ही सूड उगवायला आलेली नाही. ती कॅथलिक देशातली अज्ञेयवादी होती, पतीपासून विभक्त होती आणि तीन मुलांची आई होती. ज्या देशात घटस्फोटाचा कायदाच 2004 मध्ये आला, त्या देशात असे संसार घरोघरी होते, फक्त त्यांच्याविषयी मोठ्याने बोलले जात नव्हते. एकट्याने मुले वाढवणाऱ्या स्त्रीला तिच्यात स्वतःची परिस्थिती दिसली, तर धर्मनिष्ठ गृहिणीला पांढऱ्या कोटातली डॉक्टर. एकाच व्यक्तीत इतकी विरोधी माणसे आपापले काही पाहू शकली, आणि त्यातले काहीही खोटे नव्हते.

आयर्लंडमध्ये 1990 साली जे झाले ते याहून कोरडे, पण माझ्या मते तितकेच बोलके आहे. तिथले राष्ट्रपतिपद बव्हंशी मानाचे आहे, आणि फियाना फॉइल या बलाढ्य पक्षाचा उमेदवार या निवडणुकीत तोवर कधी हरलेला नव्हता. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची मते फियाना फॉइलचे ब्रायन लेनिहन यांना 44 टक्के, मेरी रॉबिन्सन यांना 39 टक्के आणि फिन गेल पक्षाचे ऑस्टिन करी यांना 17 टक्के पडली. करी बाद झाले आणि त्यांच्या मतदारांनी दिलेल्या दुसऱ्या पसंतीवर रॉबिन्सन निवडून आल्या. हे मतदार कोण होते? फिन गेल हा काही क्रांतिकारकांचा पक्ष नव्हता. त्याच्यामागे शेतकरी होते, दुकानदार होते, रविवारी न चुकता चर्चला जाणारी माणसे होती. आणि रॉबिन्सन या गर्भनिरोधकांच्या कायद्यासाठी, समलिंगी संबंधांवरील फौजदारी कलमाविरुद्ध आणि ज्यूरीत बसण्याच्या स्त्रियांच्या हक्कासाठी झगडलेल्या वकील होत्या. एखाद्या सनातनी शेतकऱ्याला त्यांची मते पटली म्हणून त्याने त्यांच्यापुढे दोनचा आकडा लिहिला असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याला फियाना फॉइलची सद्दी संपवायची होती. प्रचाराच्या ऐन मध्यावर लेनिहन एका जुन्या दूरध्वनी प्रकरणात दिलेल्या जबाबांवरून अडचणीत आले आणि मंत्रिमंडळातून काढले गेले. त्यांच्याच पक्षाचे मंत्री पॉड्रिग फ्लिन यांनी रॉबिन्सन यांना आता अचानक कुटुंबाची आठवण झाली आहे अशा आशयाचा टोमणा रेडिओवर मारला, तो उलटला. रॉबिन्सन मात्र कित्येक महिने आधीपासून आडबाजूच्या गावांत फिरत होत्या, जिथे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार सहसा फिरकतही नसत. आपल्याकडे कोणी येऊन गेले, या एका गोष्टीला मतदार किती वजन देतो हे पंडितांना फार उशिरा कळते.

आइसलँडमध्ये त्याच्या दहा वर्षे आधी विगदिस फिन्बोगादोत्तिर तिघा पुरुषांविरुद्ध लढून एकतृतीयांशाहून किंचित अधिक मतांवर राष्ट्रपती झाल्या. त्या नाट्यसंस्थेच्या संचालक होत्या, घटस्फोटित होत्या आणि दत्तक मुलीला एकट्याने वाढवत होत्या. 1975 च्या ऑक्टोबरात तिथल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी एक दिवस घरचे आणि दारचे काम बंद ठेवले होते, त्या संपाचा वारसा त्यांच्यामागे होता हे खरेच. पण उभे राहावे असा आग्रह धरणाऱ्यांत समुद्रावरून तार पाठवणारे मासेमारी जहाजावरचे खलाशीही होते. खलाशाची बायको सहा सहा महिने घर, मुले, हिशेब असे सगळे एकटी सांभाळते. तो ज्या सहजतेने स्त्रीच्या हाती कारभार सोपवतो, ती सहजता ग्रंथ वाचून येत नाही.

विधवा उमेदवारांची परंपरा मी येथे थोडक्यातच आटोपतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फिलिपिन्समध्ये 1986 साली कोरासोन अकिनो यांना सत्तेवरचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांनी अननुभवी ठरवले, तेव्हा फसवणूक, चोरी, खोटेपणा आणि विरोधकांच्या हत्या यांचा अनुभव आपल्याला नाही हे मान्य आहे, असे उत्तर त्यांनी दिले. निकाराग्वात 1990 मध्ये डाव्या सँडिनिस्टा राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्हियोलेता चामोरो यांच्यामागे चौदा पक्ष होते, त्यांत कट्टर उजवेही होते आणि साम्यवादीही. सक्तीच्या लष्करभरतीला कंटाळलेल्या आया आणि सरकारीकरणाने नाडलेले जमीनदार एकाच नावावर शिक्का मारून आले. अशा आघाडीचे बळ धूसरपणात असते, आणि म्हणून ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी ओसरते. चामोरो यांनी जुन्या राजवटीचा सेनाप्रमुख पदावर ठेवताच त्यांचेच सहकारी त्यांच्यावर उलटले.

आता अमेरिका, जिथे हा प्रश्न सर्वांत अधिक चर्चिला गेला आणि, माझ्या मते, सर्वांत चुकीचा मांडला गेला. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून अधिक मते मिळाली; त्या हरल्या त्या राज्यवार निर्वाचक मंडळाच्या गणितात. मतदानोत्तर चाचण्यांनुसार कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणी त्यांच्यामागे होत्या, आणि गोऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहूनही कमी. त्यानंतर गोऱ्या स्त्रियांनी स्त्रीजातीशी दगा केला, असा सूर कित्येक महिने ऐकू येत होता. हा सूर मुळातच अन्यायाचा आहे. पुरुष मतदाराने पुरुष उमेदवाराला नाकारले तर त्याने पुरुषजातीशी दगा केला असे कोणी म्हणत नाही. त्याचा धर्म, त्याचा धंदा, त्याचे गाव, त्याचा वंश यांवरून त्याच्या मताचा अर्थ लावला जातो. स्त्रीच्या मतालाही तेवढाच अर्थ असतो. पेनसिल्व्हेनियातल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या गावात राहणाऱ्या, गर्भपाताला पाप मानणाऱ्या स्त्रीला क्लिंटन यांच्या विजयाने इतिहास घडेल हे मान्य असूनही तो इतिहास आपला वाटला नसेल, तर त्यात तिच्या अकलेचे दिवाळे नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांचा कौलही एका स्त्रीला दिलेली दाद म्हणून वाचणे अपुरे आहे. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सर्वांत निष्ठावंत मतदार आहेत आणि पुरुष उमेदवारांनाही जवळजवळ तेवढीच मते देत आल्या आहेत.

इथे आणखी एक अडसर लक्षात घ्यावा लागतो. 1972 मध्ये शर्ली चिझम डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या, आणि तरीही कृष्णवर्णीय पुरुष पुढारी आणि स्त्री चळवळीतल्या प्रस्थापित नेत्या या दोघांनीही त्यांना मनापासून साथ दिली नाही, कारण दोघांनाही त्या जिंकतील असे वाटत नव्हते. हा विचार आजही जिवंत आहे. मला स्त्री चालेल हो, पण बाकीच्यांना चालेल का, असे म्हणत माणसे स्वतःच्या पसंतीपासून मागे हटतात आणि त्यांच्या मागे हटण्यानेच ती शंका खरी ठरते. मतदाराच्या पूर्वग्रहापेक्षा शेजाऱ्याच्या पूर्वग्रहाविषयीचा त्याचा अंदाज अधिक मते खातो, असे मला वाटू लागले आहे. 2024 मध्ये कमला हॅरिस यांनी स्वतःच्या स्त्री असण्याचा गाजावाजा फारसा केला नाही, पण त्या ज्या सरकारच्या उपाध्यक्ष होत्या त्याच्या काळातली महागाई त्यांच्या खात्यावर जमा झाली होती, आणि त्या खात्याला कोणताही जामीन पुरला नसता.

आपल्याकडची राष्ट्रपतिपदाची निवडणूक लोकांच्या थेट मताने होत नाही, म्हणून ती या मालिकेत बसत नाही. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 2007 मध्ये प्रतिभा पाटील यांना विरोधी आघाडीतल्या शिवसेनेने मते दिली ती त्या मराठी म्हणून, आणि 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू यांना काँग्रेसबरोबर सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाने मते दिली ती त्या आदिवासी म्हणून. दोन्ही वेळा उमेदवार स्त्री होती आणि दोन्ही वेळा कुंपण ओलांडायला लावणारी ओळख दुसरीच होती.

मेक्सिकोने 2024 मध्ये या सगळ्या मांडणीची चांगलीच परीक्षा घेतली. तिथे स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताचा हक्क 1953 मध्ये मिळाला, आणि सात दशकांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रियाच होत्या. क्लाउडिया शाइनबॉम यांना जवळजवळ 60 टक्के मते पडली, सोचित्ल गाल्वेस यांना 27 टक्क्यांच्या आसपास. गाल्वेस ग्रामीण, आदिवासी मुळांच्या, गरिबीतून वर आलेल्या उद्योजिका होत्या. शाइनबॉम ज्यू कुटुंबातल्या, राजधानीत वाढलेल्या शास्त्रज्ञ. ओळखीवरच मते पडत असती तर कॅथलिक आणि कष्टकरी मेक्सिकोने नेमका उलटा कौल द्यायला हवा होता. पण 2018 मध्ये सुमारे 88 पेसो असलेले किमान दिवसवेतन 2024 मध्ये सुमारे 249 पेसो झाले होते, वृद्धांना निवृत्तिवेतन मिळत होते, आणि शाइनबॉम हे सारे चालू ठेवतील असा भरवसा लोकांना वाटत होता. प्रस्थापितांना कंटाळलेला मतदार स्त्रीकडे वळतो, हे आयर्लंडवरून काढता येणारे अनुमान इथे साफ पडते. शाइनबॉम प्रस्थापितच होत्या. दोन्ही पारड्यांत जामीन सारखाच असल्यामुळे वजन फक्त कारणाचे झाले.

या जामिनाला एक धोकाही असतो, तो बाशेलेत यांना पुढे भोगावा लागला. स्त्री म्हणून, आई म्हणून, डॉक्टर म्हणून जो निर्मळपणा लोक उमेदवाराच्या नावे गृहीत धरतात, तो तिने मागितलेला नसला तरी त्याचा हिशेब तिच्याकडूनच मागितला जातो. 2015 मध्ये त्यांच्या मुलाचे आणि सुनेचे नाव एका जमीन व्यवहाराच्या प्रकरणात आले, तेव्हा त्यांची लोकप्रियता वेगाने घसरली. पुरुष नेत्याच्या मुलाने असा व्यवहार केला असता तर नाराजी पसरली असती. इथे लोकांना घरातल्याच कोणी फसवल्यासारखे वाटले.

पण त्याआधी, डिसेंबर 2013 मध्ये, त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या होत्या. त्या वेळी त्यांच्यासमोर उजव्या आघाडीच्या एवेलिन मात्तेइ होत्या. त्यांचेही वडील हवाई दलात जनरल, एके काळी बाशेलेत यांच्या वडिलांचे मित्र, आणि 1978 पासून लष्करी राजवटीच्या सर्वोच्च मंडळाचे सदस्य. लहानपणी या दोघी हवाई दलाच्या एकाच तळावर शेजारी वाढल्या होत्या. एकीच्या वडिलांचा कैदेत मृत्यू झाला होता आणि दुसरीचे वडील कैदेत टाकणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसले होते. प्रचारात मात्र चर्चा झाली ती 2011 च्या विद्यार्थी आंदोलनाने ऐरणीवर आणलेल्या महाविद्यालयीन शुल्काची, करांची आणि राज्यघटनेची. बाशेलेत यांना 62 टक्के मते मिळाली. तोपर्यंत स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा मोडीत निघाल्या होत्या आणि मतदानाची सक्तीही उठली होती. मतदार यादीतले निम्म्याहून अधिक लोक त्या दिवशी कोणत्याच रांगेत आले नाहीत.